दोन सेकंदांत भरणारी टाकी आणि उत्तरपत्रिकेतले ०.२७

मोगरा

गणितवाल्या मंडळींनो, जरा मदत करा. चिरंजीव सातवीत आहेत. काल क्लासमधून एकक रूपांतराच्या शाब्दिक उदाहरणांची सरावपत्रिका घेऊन आला. अकरावं उदाहरण जसंच्या तसं देते:

"एका इमारतीच्या गच्चीवरील टाकी आतून २ मी ५० सेमी लांब, १ मी २० सेमी रुंद व ९० सेमी खोल आहे. टाकी दोन तृतीयांश भरलेली आहे. पंप दर मिनिटाला २५ लिटर पाणी चढवतो. पंप ७५० वॅटचा असल्यास टाकी पूर्ण भरेपर्यंत किती युनिट वीज खर्च होईल?"

चिरंजीवांची रीत अशी: २.५ × १.२ × ०.९ = २.७, म्हणजे टाकी २.७ लिटरची. रिकामा भाग एक तृतीयांश, म्हणजे ०.९ लिटर. भागिले २५, म्हणजे ०.०३६ मिनिट. मी मनात हिशोब केला, दोन सेकंद! म्हटलं, "अरे, दोन सेकंदांत टाकी भरते का?" तर म्हणे, "गणितातली भरते."

मग मी स्वतः बसले. माझं उत्तर आलं ०.४५ युनिट. पत्रिकेच्या मागे छापलंय ०.२७. तीनदा करून पाहिलं, तीनही वेळा ०.४५. नवरा म्हणतो, "छापलेलं आहे म्हणजे बरोबरच असणार, तुझंच काहीतरी चुकतंय."

तर प्रश्न दोन. एक, चूक कोण? दुसरा जास्त महत्त्वाचा. याचे पाढे पक्के आहेत, दशांशाचा गुणाकार बिनचूक येतो, "२ मी ५० सेमी = किती सेमी?" असं सुटं विचारलं तर पटकन सांगतो. तीन-चार पायऱ्यांचं उदाहरण आलं की सगळं बोंबलतं. तुमच्याकडे हे कसं शिकवलंत?

शेवगा_शेंग

त्या दोन सेकंदवाल्या पंपाचा नंबर मिळेल का? आमच्या सोसायटीत सकाळी फार वाट बघावी लागते.

लंबक

मोगरा, तुमचं ०.४५ बरोबर आहे. यजमानांना दाखवा.

टाकी २,७०० लिटर. रिकामी ९००. ९०० ÷ २५ = ३६ मिनिटं. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, त्यामुळे दोन रूपांतरं लागतात: ७५० वॅट = ०.७५ किलोवॅट आणि ३६ मिनिटं = ३६/६० = ०.६ तास. ०.७५ × ०.६ = ०.४५.

०.२७ कुठून आलं असेल याचा विचार केला, तेही सापडलं. ०.७५ × ०.३६ = ०.२७. पत्रिका काढणाऱ्याने ३६ मिनिटांचे ०.३६ तास केलेत. म्हणजे चिरंजीव पहिल्या पायरीवर घसरले आणि मास्तर शेवटच्या.

उंटावरचा_शहाणा

थांबा थांबा. ३६ मिनिटं म्हणजे ०.३६ तास यात चूक काय आहे? सकाळी साडेआठ आपण ८.३० असंच लिहितो. एसटीच्या वेळापत्रकात ०.३६ च लिहितात. उगाच मास्तरांना कशाला बदनाम करता?

लंबक

८.३० मधलं टिंब दशांशचिन्ह नाही. तास आणि मिनिटं वेगळी दिसावीत म्हणून मधे ठेवलेली ती खूण आहे. तिथे रेघ काढा, स्वल्पविराम द्या, काही बिघडत नाही.

पडताळा घ्या. तुमच्या हिशोबाने ९० मिनिटं म्हणजे ०.९० तास. मग दीड तासाचा सिनेमा एका तासापेक्षा छोटा झाला.

शेवगा_शेंग

आणि क्रिकेट? १६.३ षटकं म्हणजे १६ षटकं ३ चेंडू. रनरेट काढताना १६.३ ने भागलंत तर आम्ही हरलेली मॅच जिंकतो. भागायचं साडेसोळाने.

उंटावरचा_शहाणा

बरं. षटकांचं पटलं. उतरलो उंटावरून.

जुनी_पाटी

जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी पाचवी ते सातवीच्या वर्गांवर, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर जरा ऐसपैस लिहिते.

मोगरा, तुमच्या मुलाला रूपांतर येत नाही असं नाही. त्याने २ मी ५० सेमीचे २.५ केले, ते अचूक केले. चूक कुठे झाली बघा. २.७ आल्यावर तो २.७ "काय" आहे हे कागदावर नव्हतं. आकडा उघडाबोडका होता आणि प्रश्नात पुढे लिटर दिसले म्हणून त्याला लिटर चिकटवून टाकले. मीटर गुणिले मीटर गुणिले मीटर झालं तर घनमीटर येतात. तो शब्द लिहिला असता तर हात तिथेच थांबला असता.

वर्गात कोणी नुसता आकडा लिहिला की मी वहीत लाल गोल करायची आणि मोठ्याने विचारायची, "पंचवीस काय? पंचवीस म्हशी?" पोरं हसायची, पण दिवाळीपर्यंत आपणच एकमेकांच्या वह्यांवर "म्हशी" लिहायला लागायची. उत्तराच्या ओळीत एकक लिहायची सवय सगळेच लावतात, तेवढ्याने भागत नाही. मधल्या प्रत्येक ओळीत पाहिजे.

आता दुसरी अडचण, आणि ही आम्हा शिक्षकांचीच. फळ्यावर जिना काढतो: किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली. एक पायरी उतरलं की दहाने गुणा, चढलं की दहाने भागा. मुलं "किहेडे मी डेसेंमि" असा घोष करत पाठ करतात. पण हा जिना लांबीचा. क्षेत्रफळात तीच पायरी शंभराची होते आणि घनफळात हजाराची, हे आम्ही घाईघाईत सांगतो किंवा सांगतच नाही. मग १ चौमी = १०० चौसेमी असं लिहिणारी पिढी तयार होते. (१०,००० हो, १०,०००!)

त्या जिन्यावरच्या एका पायरीला कोणी विचारत नाही, ती म्हणजे डेसीमीटर. दहा सेंटिमीटर. शिंप्याकडे नाही, सुताराकडे नाही, गवंड्याकडे नाही. पण १ डेसीमीटर लांब, रुंद आणि उंच अशा डब्यात बरोबर एक लिटर मावतो. म्हणजे तुमची टाकी डेसीमीटरमध्ये मोजा: २५, १२ आणि ९. गुणाकार २,७००. झाले लिटर. ना टिंब, ना हजाराने गुणणं.

हे मी वर्गात करून दाखवायची. जाड पुठ्ठ्याचा १० सेमीचा उघडा डबा, आत प्लास्टिकची पिशवी. मग अर्ध्या लिटरच्या दोन दुधाच्या पिशव्या पाण्याने भरून आणायच्या आणि त्यात रिकाम्या करायच्या. दुसरी पिशवी संपत आली की चाळीस पोरं श्वास रोखून बघायची, सांडतंय की काय. काठोकाठ यायचं. एका वर्षी पुठ्ठा फुगला आणि माझ्या साडीवर लिटर सांडला, पण त्या वर्गाला तो धडा जास्तच लक्षात राहिला.

मोगरा

पाटीताई, लेक शेजारी उभा राहून वाचतोय. "पंचवीस म्हशी" वर पाच मिनिटं हसत होता. आता माझ्याच किराण्याच्या यादीवर "साखर २ काय?" असं लिहून ठेवलंय.

रात्रपाळी

आमच्या नर्सिंगच्या मुलींचंही हेच होतं, म्हणून लिहिते.

नेहमीचं गणित: ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं आहे, सलाईनच्या नळीच्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली. मिनिटाला किती थेंब? ५०० ÷ ४ = तासाला १२५ मिली. गुणिले २० = तासाला २,५०० थेंब. भागिले ६० = मिनिटाला ४१.६७, म्हणजे ४२ थेंब.

नवीन मुलगी २,५०० वर थांबते आणि तेच लिहून मोकळी होते. का? वहीत नुसतं "२,५००" असतं, "थेंब दर तासाला" नसतं. मी तिला फक्त म्हणते, चल, बाटलीखाली उभी राहा आणि मिनिटाला अडीच हजार थेंब मोजून दाखव. ४२ असतील तर दीड सेकंदाला एक पडतो, पंधरा सेकंदांत दहा-अकरा. घड्याळ लावून डोळ्यांनी पटतं.

आणि एक सवय आम्हाला घोटून घोटून लावतात. दशांशचिन्हाच्या आधी शून्य लिहायचंच. ५०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.५ मिलिग्रॅम. कोणी ".५" लिहिलं, कार्बनवर टिंब उमटलं नाही, की झाले ५. दहापट. परीक्षेत अर्धा मार्क जातो, वॉर्डात काय जाईल सांगायला नको.

पाटाचं_पाणी

पाटीबाईंचं सगळं पटलं. माझी स्वतःची फजिती सांगतो. नोकरी सोडून गावी आलो, चार वर्षांपूर्वीची गोष्ट. वाळवा तालुका, ऊस. सुरू उसाला (हिवाळ्यात लावतात तो) हेक्टरी २५० किलो नत्र (नायट्रोजन) द्यायचं असं वाचलं होतं. आमचा तुकडा ३० गुंठ्यांचा. मी डोक्यात धरलं ३० गुंठे म्हणजे पाऊण एकर. पाऊण गुणिले २५० = १८७.५ किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून १८७.५ ÷ ०.४६ = ४०७ किलोच्या वर. पोतं ४५ किलोचं. नऊ पोती.

दुकानात गेलो नि नऊ पोती मागितली. दुकानदार म्हणाला, "किती एकर ऊस हाय?" म्हटलं पाऊण. तो काही बोलला नाही, नुसता वडिलांना फोन लावला.

चूक कळली ना? आकडा हेक्टरचा आणि मी गुणला एकराने. अडीचपट. बरोबर हिशोब असा: १०० गुंठे म्हणजे धोपटमानाने एक हेक्टर, म्हणून ३० गुंठे = ०.३ हेक्टर. ०.३ × २५० = ७५ किलो नत्र. ७५ ÷ ०.४६ = १६३ किलो युरिया. ÷ ४५ = साधारण ३.६ पोती. तीही एकदम नाही, लागणीपासून बांधणीपर्यंत (उसाच्या बुडाला माती चढवेपर्यंत) चार हप्त्यांत. माझा भागाकार, गुणाकार, टक्केवारी सगळं बरोबर होतं. "हेक्टरी" हा एक शब्द सोडला तर.

वरच्या टिंबाच्या वादात एक भर. सातबाऱ्यावर क्षेत्र हे. आर मध्ये असतं. १ हेक्टर ५ आर असेल तर १.०५ दिसतं. तिथे ते टिंब दशांशाचं म्हणून वाचलं तरी चालतं, कारण १०० आर म्हणजे १ हेक्टर. घड्याळात मधे ६० बसलेत म्हणून चालत नाही. मला स्वतःला हे आत्ता वाचताना उमगलं.

लंबक

पाटाचं पाणी, छान पकडलंत. बारीक फरक: गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौमी. आर म्हणजे बरोबर १०० चौमी. खताला फरक पडत नाही, खरेदीखताला पडतो.

पाटाचं_पाणी

बांधावरच्या भावकीलाही पडतो.

मुठाकाठ

पावसाळ्यात बातम्यांमध्ये क्युसेक आणि टीएमसी ऐकतो ना, त्यावरही असली उदाहरणं छान होतात. लेकीकडून करून घेतलेलं देतो. खडकवासल्यातून १०,००० क्युसेक पाणी सोडलं तर दिवसभरात किती टीएमसी जाईल?

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. १०,००० × ८६,४०० = ८६ कोटी ४० लाख घनफूट. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. म्हणून ०.८६४ टीएमसी. खडकवासल्याची साठवण १.९७ टीएमसी. वरून काही आलं नाही तर सव्वादोन दिवसांत धरण कोरडं.

लिटरमध्ये हवं असेल तर एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. मोगरा यांचा पंप एका मिनिटात चढवतो त्यापेक्षा जास्त पाणी एक क्युसेक एका सेकंदात वाहून नेतो. लेकीने हे ऐकलं आणि मग पुलावर जाऊन नदी बघायचा हट्ट धरला. नेलं.

न्यूजर्सीकर

इथे मुलांना रसायनशास्त्रात एकच लांब ओळ मांडायला शिकवतात. मला ती भयंकर आवडते. मोगरा यांचं उदाहरण:

९०० लिटर × (१ मिनिट ÷ २५ लिटर) × (१ तास ÷ ६० मिनिटं) × ०.७५ किलोवॅट

लिटरने लिटर काटा, मिनिटांनी मिनिटं काटा. उरतं काय? किलोवॅट × तास. म्हणजेच युनिट. ०.४५. भागायचं की गुणायचं हा प्रश्नच पडत नाही. चुकून २५ ने गुणलंत तर उत्तरात "लिटर गुणिले लिटर दर मिनिट" असलं काहीतरी अचाट येतं, आणि तेच ओरडून सांगतं की उलटं लिहिलंयस.

अवांतर: इकडे घरात दोन्ही पद्धती नांदतात. दूध गॅलनमध्ये, औषध मिलीमध्ये, पेट्रोल गॅलनमध्ये, धावण्याची शर्यत पाच किलोमीटरची. मुलं बिचारी रोजच रूपांतरं करतात.

जुनी_पाटी

ओळ देखणी आहे, पण सातवीच्या मुलाला पहिल्याच दिवशी देऊ नका. काटाकाटीचा खेळ होतो आणि गोष्ट हरवते. मी आधी प्रत्येक पायरीला एक वाक्य लिहायला लावेन: "टाकीत अजून ९०० लिटर मावतात." "त्याला ३६ मिनिटं लागतात." "३६ मिनिटं म्हणजे ०.६ तास." वाक्य वाचून खरं वाटतंय का ते बघायचं. "टाकीत २.७ लिटर मावतात" हे वाक्य कोणतंही पोर लिहिताना अडखळेल.

न्यूजर्सीकर

ताई, वाक्यांनी मोठ्या उदाहरणात पानं भरतात. आणि किलोवॅट-तास म्हणजे नेमकं काय हे किती मुलांना "वाटतं"? तिथे एककांची काटाकाटीच वाचवते. मी माझ्या मताला चिकटून आहे. :)

जुनी_पाटी

चिकटा. आठवीनंतर मीही तुमच्याकडे येते.

ढगातला

या विषयावर विमानवेड्याने गप्प बसायचं म्हणजे पापच. एअर कॅनडाचं १४३ क्रमांकाचं उड्डाण, २३ जुलै १९८३, मॉंट्रियलहून ऑटावामार्गे एडमंटन. विमान बोइंग ७६७, नवंकोरं. कॅनडात तेव्हा मेट्रिकचं संक्रमण चालू होतं आणि कंपनीच्या ताफ्यात किलोग्रॅममध्ये इंधन मोजणारी ही पहिलीच विमानं.

त्या दिवशी इंधन दाखवणारी यंत्रणा बंद होती, म्हणून टाकीत मोजपट्टी घालून मोजलं: ७,६८२ लिटर शिल्लक. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. आता सातवीचं उदाहरण सोडवा. लिटरचे किलो करा, वजाबाकी करा, उरलेल्या किलोंचे परत लिटर करा आणि तेवढं भरा.

बरोबर रीत: एक लिटर इंधन ०.८०३ किलो.
७,६८२ × ०.८०३ = ६,१६९ किलो.
२२,३०० − ६,१६९ = १६,१३१ किलो हवं.
÷ ०.८०३ = २०,०८८ लिटर भरायला हवं.

प्रत्यक्षात लोकांनी गुणक घेतला १.७७. तो लिटरचे पौंड करण्याचा आहे. त्यामुळे:
७,६८२ × १.७७ = १३,५९७ "किलो" (खरं तर पौंड).
२२,३०० − १३,५९७ = ८,७०३.
÷ १.७७ = ४,९१७ लिटर.

वीस हजारांच्या जागी पाच हजार लिटरही नाही. सगळा गुणाकार-भागाकार अचूक. १.७७ च्या पुढे "पौंड दर लिटर" हे तीन शब्द नव्हते, एवढंच. पाटीताईंच्या भाषेत, १.७७ काय? म्हशी?

४१,००० फुटांवर एक इंजिन गेलं, थोड्या वेळाने दुसरं. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांना ग्लायडर उडवायचा सराव होता, त्यांनी ते अजस्र विमान तरंगवत मॅनिटोबातल्या गिमली इथल्या हवाईदलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. तिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यतीचा मेळा भरला होता. विमानात ६९ माणसं होती, सगळी वाचली. त्या विमानाला पुढे कायम "गिमली ग्लायडर" म्हणायला लागले.

रात्रपाळी

अंगावर काटा आला. आणि एक लक्षात आलं का? पहिलंच उत्तर १३,५९७ आलं तेव्हा कोणी तरी विचारायला हवं होतं: इंधन पाण्यापेक्षा हलकं, मग ७,६८२ लिटरचं वजन ७,६८२ किलोंपेक्षा जास्त कसं?

ढगातला

अगदी हेच. हा पडताळा दोन सेकंदांचा आहे. टाकी भरायला लागतात तेवढाच.

उंटावरचा_शहाणा

मी परत आलो. (उंट बाहेर बांधलाय.) एक प्रामाणिक शंका. आपले आजी-आजोबा शेर, पायली, मण, खंडी, तोळे, वार असली कसलीही प्रमाणं तोंडी करायचे. दहाचा पाढा नव्हता की काही नव्हतं. त्यांना जमायचं आणि आपल्या पोरांना नुसतं दहा-शंभर-हजार जमत नाही, असं का?

जुनी_पाटी

कारण त्यांच्या हातात माप असायचं, शहाणेसाहेब. आमचं किराणा दुकान होतं. आजी पायली हातात घेऊन बोलायची, कागदावर नाही. शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ. "पावणेदोन शेराचे किती" विचारलं की उत्तर तोंडातून बाहेर.

पण घोळ त्यांचाही झालाच. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, वजनांचा बदल १९५८ पासून टप्प्याटप्प्याने, १९६२ पर्यंत मेट्रिक वजनं सक्तीची. शेर म्हणजे ८० तोळे, ९३३ ग्रॅम. वडील सांगायचे, गिऱ्हाईक पावशेर चहापत्ती मागायचं, वडील पाव किलो द्यायचे, २३३ ग्रॅमच्या जागी २५०, आणि पैसे घेताना भांडण. शब्द तोच राहिला, माप बदललं. आजही भाजीवाला "पावशेर मिरची" म्हणतो आणि २५० ग्रॅम टाकतो.

सोन्याचं तर विचारूच नका. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताचे सराफ तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. सासूबाईंच्या पाटल्या जुन्या पाच तोळ्यांच्या, म्हणजे ५८.३ ग्रॅम. सुनेने मोडायला नेल्या आणि "पाच तोळेच आहेत ना" म्हणून सराफाच्या पन्नास ग्रॅमला मान डोलावली तर ८ ग्रॅमच्या वर सोनं नुसत्या शब्दावरून गेलं. (मोडल्या नाहीत. माझ्याकडेच आहेत.)

शेवगा_शेंग

नऊवारी मोजली आत्ता. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. मेट्रिकमध्ये तिला सव्वाआठमीटरी म्हणायला लागेल, राहू द्या.

मोगरा

सगळ्यांचे आभार. आज रविवार, त्यामुळे वृत्तांत सविस्तर.

सकाळी लेकाने अकरावं उदाहरण परत केलं, डेसीमीटरमध्ये. २५ × १२ × ९, खाली लिहिलं "२,७०० घन डेसीमी = २,७०० लिटर", शेजारी एक म्हैस काढली आणि तिच्यावर फुली मारली. ३६ मिनिटांपर्यंत सुरळीत आला. मग पेन थांबलं. मी काही बोलले नाही. "०.३" लिहिलं, खोडलं, म्हणाला, "अर्ध्या तासापेक्षा जास्त आहे, म्हणजे ०.५ च्या वर पाहिजे." आणि ३६/६० मांडलं. ०.४५ आल्यावर पत्रिका उलटी करून मागचं ०.२७ पेन्सिलीने खोडलं. क्लासच्या सरांना शुक्रवारी विचारलं होतं, ते म्हणाले "बघतो".

मग स्वारीला सुचलं की आपल्या गच्चीवरचा पंप मिनिटाला किती देतो ते मोजायचं. टाकीच्या पाइपाखाली बादली धरली, नवऱ्याने मोबाइलवर वेळ लावली. ४२ सेकंदांत भरली. बादलीवर "२० लिटर" छापलंय, म्हणून तो भागाकार करायला बसला. मी म्हटलं, छापलेलं आहे म्हणजे बरोबरच असणार ना? नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. लेक खाली जाऊन लिटरची बाटली घेऊन आला. अठरा बाटल्यांत बादली काठोकाठ.

१८ लिटर ÷ ४२ सेकंद × ६० सेकंद दर मिनिट = २५.७ लिटर दर मिनिट. "आई, पुस्तकातला पंप आपलाच आहे!" म्हणून नाचत होता.

आता त्याचा तुम्हा सगळ्यांना प्रश्न, त्याच्याच शब्दांत: "वॉचमनकाका पंप लावून चहाला जातात. काल टाकी भरल्यावर ११ मिनिटं वरून पाणी वाहत होतं. किती बादल्या वाया गेल्या? (बादली १८ लिटरची धरा. २० ची धरली तर शून्य मार्क.)"

लंबक

११ मिनिटं × २५.७ लिटर दर मिनिट = २८२.७ लिटर. ÷ १८ लिटर दर बादली = १५.७ बादल्या.

शेवगा_शेंग

म्हणजे १५ बादल्या आणि ७ तांबे?

मोगरा

लेक म्हणतोय, "काकांना षटकं कळतात, बादल्या कळत नाहीत." ०.७ × १८ काढतोय, थांबा.